पाचवी ओवी

चर्चच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडायचं काम माझ्याकडं आलं, कारण किल्ली माझ्याकडं असते. बाहेर हॉलमध्ये पंच कमिटीची बैठक चालली होती आणि मुलं भांडत होती. मुलं म्हणजे तिशी-पस्तिशीतली माणसं, पण त्यांची नाकं मी पुसलेली आहेत. हल्ली त्यांच्यातले निम्मे कॅल्विनच्या शिकवणीचे झालेत. मोबाईलवर परदेशातले उपदेश ऐकतात, जाड पुस्तकं मागवतात, आणि देवानं आपली माणसं जग निर्माण व्हायच्या आधीच निवडून ठेवली आहेत हे इतक्या खात्रीनं सांगतात, जणू यादी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. उरलेले निम्मे आत्म्याच्या वरदानांचे. देव आजही बोलतो, अन्य भाषेतून, स्वप्नातून, कुणाच्याही तोंडून, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी वाद नव्या वर्षाच्या कार्डांवरून होता. दर एक जानेवारीला सकाळच्या भक्तीत आमच्याकडं एक डबा फिरतो. प्रत्येकानं डोळे मिटून त्यातलं एक कार्ड काढायचं. त्यावर शास्त्रातलं एक वचन असतं, ते वर्षभर आपलं.

"हा फुटपाथवरच्या पोपटाचा धंदा झाला," एक बाजू म्हणत होती.

"देवानं आता तोंडच उघडायचं नाही का तुमच्या परवानगीशिवाय?" दुसरी.

"काकू, डबा तरी आणा," सेक्रेटरी सॅम्युएल म्हणाला. "बघू किती कार्डं शिल्लक आहेत."

डबा वरच्या फळीवर होता, बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकण निघालं आणि वास आला: सुकलेला डिंक, जुना पुठ्ठा, थोडी डांबरगोळी. मी पंचवीस वर्षं नर्स होते. रक्ताला घाबरले नाही, मेलेल्या माणसाचे डोळे मिटताना हात थरथरला नाही. त्या वासानं मात्र डबा खाली ठेवायला लावला. कपाटाला पाठ टेकून उभी राहिले आणि तेरा वर्षांची झाले.

तेव्हा आम्ही लष्करी छावणीच्या भागात राहायचो. पप्पा मिशनच्या शाळेत मास्तर. आई मी चार वर्षांची असताना गेली, आणि तेव्हापासून घर रत्नाआत्यानं चालवलं. ती पप्पांची थोरली बहीण, मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन, लग्न न केलेली. तिच्या अंगाला कार्बोलिक साबणाचा आणि कडक इस्त्रीचा वास यायचा. पोलीस ॲक्शनच्या वर्षी ती दहाची होती. "रझाकार गल्लीतनं जायचे तेव्हा बाकीचे माळ्यावर लपायचे," ती सांगायची. "मी खिडकीच्या फटीतनं मोजायचे. सव्वीस होते. सव्वीसला काय भ्यायचं?"

डिसेंबर म्हणजे बेकरी. घरी मळलेलं केकचं पीठ पत्र्याच्या साच्यांत भरून, साच्यावर खडूनं नाव घालून, आम्ही ते छावणीतल्या बेकरीत भाजायला न्यायचो. भट्टीसमोर बायकांची रांग, धूर, वेलदोडा, आणि बेकरीवाल्या चाचांची आरोळी, "रत्नाबाई, इस साल अंडे कम डाले क्या?" आत्या तिथल्या तिथं त्यांच्याशी भांडायची. घरी येताना गरम साचे फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायचे. शेजारच्या पडेगावच्या बाजूनं वारा यायचा, त्याला उसाच्या पाल्याचा आणि धुळीचा वास असायचा. नाताळचा आठवडा असा सगळा उबेत जायचा. आणि नाताळ संपला की कार्डं.

कार्डं लिहायचं काम आमच्या घराकडं होतं. वर्षभर जमवलेल्या ग्रीटिंग कार्डांच्या कोऱ्या बाजू कापायच्या, कडांना कात्रीनं नागमोडी द्यायची, निळ्या शाईनं लिहायचं. ऐंशी कार्डं. कुठली वचनं घ्यायची त्याची एक यादी होती, जुन्या पाळकबुवांच्या हातची, घडीवर फाटायला आलेली. पाळकबुवा वारले तरी यादी तीच चालायची. यादीत नुसते आकडे: अमुक अध्याय, अमुक ओवी. शास्त्रातल्या वचनांना आम्ही ओव्या म्हणतो. पाळकबुवांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, गोष्टीचा भाग सोडायचा, देव बोलला असेल तेवढंच उतरवायचं. दुसरा, कार्डावर आकडा लिहायचा नाही, नाहीतर लोक शेजारच्या ओव्या वाचत बसतात आणि आपल्याला हवी ती धरतात.

त्या वर्षी लिहायला मी एकटी होते. आत्याच्या पोटात गाठ निघाली होती. संक्रांतीनंतर ऑपरेशन ठरलं होतं, आणि दुपारी ती पडून राहायला लागली होती. तिला दुपारी आडवं पाहायची मला सवय नव्हती.

त्याच वर्षी आमच्याकडं नवे पाळकसाहेब आले होते. तरुण, दक्षिणेतल्या कॉलेजातून शिकून आलेले, कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांच्या दोन ट्रंका. तीच शिकवण, जी आता मोबाईलवर येते, ती त्यांनी ट्रंकेतून आणली. तोवर आमच्या मंडळीत जोर होता मार्थाबाईंचा. मार्थाबाई जाड, गोऱ्या, घोगऱ्या आवाजाच्या. दर बुधवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर त्यांची प्रार्थना भरायची. टाळ्या, डफली, मग एकेकीच्या तोंडून अन्य भाषा, कुणालाच न कळणाऱ्या, सुटायच्या, पावसाळ्यात पत्र्यावर गारा पडाव्यात तशा. मला त्या भाषांची भीती वाटायची आणि त्या मला येत नाहीत याची त्याहून जास्त. मार्थाबाई माझ्या डोक्यावर तळवा दाबायच्या, "जीभ सोड पोरी, ढिली सोड, आत्मा आपोआप बोलतोय." मी जीभ ढिली सोडायचे. लाळ गळायची. भाषा नाय.

आणि दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत रीतसर घेण्याआधीच्या, वर्गात मी पाळकसाहेबांना विचारलं होतं, "मी निवडलेल्यांत आहे का हे कसं कळायचं?"

ते चांगले होते. त्यांनी विचार करून उत्तर दिलं. "निवडलेल्याला वचनाची गोडी लागते."

मी ऐंशी कार्डं लिहीत होते आणि माझं बोट दुखत होतं. गोडी कुठं शोधू?

म्हणजे दोन्ही दारं मला बंद होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगावं असं घरात कुणी मोकळं नव्हतं. पप्पा शाळेच्या तपासणीत, आत्या आडवी.

त्या दुपारी पलीकडच्या खोलीत पाळकसाहेब आणि मार्थाबाई समोरासमोर बसले होते. आत्यासाठी प्रार्थना करायला दोघं एकाच वेळी आले आणि प्रार्थनेआधी भांडण लागलं.

"भविष्यवाणी प्रेषितांबरोबर संपली, बाई. आता शास्त्र पूर्ण आहे."

"असं का? मग देव मुका झाला म्हणा की!"

"मुका नाही. जे बोलायचं ते बोलून झालंय. ठरवायचं ते ठरवून झालंय. चिमणी पडते तीसुद्धा त्यानं ठरवलेली."

"आणि नरकात जाणारे? तेबी ठरवलेले?"

 पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले, "हो."

मी लिहीत होते. समोर शास्त्र उघडं होतं, यादीवर एका आजारी राजाचा अध्याय आला होता. भिंतीपलीकडून तो "हो" आला तेव्हा माझी नजर यादीवरून सुटली. देव बोलला तेवढं घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. अध्यायात देवाचं बोलणं दिसलं, ते मी उतरवलं, कार्ड वाळत ठेवलं आणि पुढचं घेतलं.

एक जानेवारीला थंडी सणसणीत होती. बाकांवर शाली, डांबरगोळ्यांचे वास, नव्या साड्यांची करकर. डबा फिरत होता. प्रत्येकजण उभं राहून आपलं कार्ड मोठ्यानं वाचायचा आणि सगळी मंडळी म्हणायची, आमेन. मेंढपाळ, आमेन. खडक, आमेन. डबा आत्याकडं आला. तिनं डोळे मिटले, हात घातला, काढला, चष्मा लावला. आत्या नेहमी खणखणीत वाचायची, बोर्डिंगच्या पोरींची हजेरी घेतल्यासारखी. तसंच वाचलं. घराची निरवानिरव करून ठेव, तू आता मरणार आहेस.

"आमेन," मंडळी म्हणाली.

सवयीनं म्हणाली. मग लोकांना कळलं आपण कशाला आमेन म्हटलं, आणि मागं कुणाच्या तरी मुलानं पाय आपटला तो चर्चभर ऐकू आला. आत्या उभीच होती. कार्डाची नागमोडी कड मला दिसत होती. कात्री घसरली होती तिथं ती जरा वाकडी होती.

मी घरी पळाले. यादी काढली. त्या अध्यायापुढं जुन्या पाळकबुवांच्या हातचा आकडा होता, पाच. शास्त्र उघडलं. त्या गोष्टीत देव दोनदा बोलतो. पहिल्या ओवीत राजाला मरणाचा निरोप येतो. राजा भिंतीकडं तोंड करून रडतो. मग पाचव्या ओवीत दुसरा निरोप: तुझं रडणं ऐकलं, तुला आणखी पंधरा वर्षं दिली. मी पहिलं बोलणं दिसलं तेच उतरवलं होतं.

मागं अंगणात पाण्याचा बंब पेटलेला होता. मी यादी त्यात टाकली. का टाकली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कागद काळा झाला, आकडे क्षणभर पांढरे दिसले, मग गेले.

आत्यानं त्या संध्याकाळी ऑपरेशनला नाही सांगितलं.

"दादा, मालकाचा हुकूम आलाय," ती पप्पांना म्हणाली. "चिरफाड करून काय वाढवायचंय?"

पप्पा धाकटे, पण ती त्यांना दादाच म्हणायची. पप्पा ओरडले, रडले, जेवले नाहीत. आत्यानं दुसऱ्या दिवसापासून ट्रंका उपसल्या. पितळेचे डबे कुणाला, शिलाई मशीन कुणाला, मला तिच्या चार साड्या आणि कानातले. घरात डांबरगोळ्यांचा आणि धुळीचा वास सुटला. ती कामं त्याच नेटानं करत होती. फक्त मध्येच थांबून भिंतीकडं बघायची. रझाकारांना न भ्यालेली बाई पुठ्ठ्याच्या तुकड्याला भ्याली होती, आणि अक्षर माझं होतं.

पाळकसाहेब धावत आले. "आत्याबाई, देव चिठ्ठीतून बोलत नाही."

"मग ती चिठ्ठी माझ्याच हाताला कशी आली? तुमच्या हिशोबानं तर चिमणीबी ठरवलेली."

पाळकसाहेबांनी चपला घातल्या.

मार्थाबाईंचं वेगळं. "राजाला दुसरा निरोप आला होता की नाय, रत्ना? आपण मागू." त्यांनी तीन संध्याकाळी ओसरीवर प्रार्थना लावली. भाषा सुटल्या, बायका घामाघूम झाल्या, कुणी लादीवर कोसळलं. दुसरा निरोप काही आला नाही. तिसऱ्या दिवशी आत्या शांतपणे उठली आणि सगळ्यांना चहा दिला.

दुसरा निरोप माझ्याकडं होता. मी कोनाड्याला चिकटून उभी होते. मार्थाबाईंचं खरं धरलं तर मी आत्म्याच्या वचनात ढवळाढवळ केली होती, आणि त्या पापाला माफी नाही असं त्याच सांगायच्या. पाळकसाहेबांचं खरं धरलं तर त्याहून वाईट. तर मग माझी चूकही ठरवलेली होती. आत्यानं मरावं म्हणून माझ्या हातून ती करवून घेतली होती, आणि ज्याच्या हातून असली कामं करवून घेतात तो निवडलेल्यांत असेल का? मी रात्रंदिवस हेच चघळत होते. अंघोळीला बंबाचं पाणी घ्यायला हात धजत नव्हता.

शेवटी मला बोलायला लावलं ते धर्मानं नाही. आत्या माझी फणी घेऊन बसली होती, केस विंचरायला. दोन वेण्या घालता घालता म्हणाली, "आता स्वतःच्या वेण्या स्वतः घालायला शीक. पप्पांना नाय यायच्या."

मी सगळं सांगितलं. यादी, पाच, बंब. शास्त्र आणून पाचवी ओवी दाखवली. आता चापट बसणार म्हणून डोळे मिटून घेतले.

चापट बसली. चांगली बसली. मग आत्या ती ओवी वाचत राहिली, कितीतरी वेळ, बोट ठेवून.

"पंधरा," ती म्हणाली.

तिला वाटलं दुसरा निरोप आला. माझी चूक तिनं चूक म्हणून धरलीच नाही. संक्रांतीनंतर ऑपरेशन करून गाठ काढली, साधी होती. महिन्याभरात ती बेकरीवाल्या चाचांशी भांडायला उभी राहिली. मार्थाबाई म्हणाल्या, आत्म्यानं पोरीच्या तोंडून सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, हेही ठरलेलंच होतं. मला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं पळाली. पाळकसाहेबांची बदली झाली, ट्रंका गेल्या. मार्थाबाई गेल्या. बेकरीत केक भाजायला नेणं बंद झालं, घरोघरी ओव्हन आले. पप्पा गेले. मी नर्सिंग केलं, दवाखान्यात लागले. आत्या पुढं केसांनी पांढरी आणि तब्येतीनं ठणठणीत. तिनं पुन्हा कधी डब्यात हात घातला नाही. "मला मिळालंय माझं," म्हणायची. लोकांना ते श्रद्धा वाटायचं. मी एकटी दर जानेवारीला मनात आकडा मोडायचे. ती आनंदात मोजत होती आणि मी मुठी आवळून.

पंधरावं वर्ष लागलं तसं तिनं जेवण कमी केलं. नोव्हेंबरात ट्रंका उपसल्या. प्रेशर कुकर शेजारच्या सुनेला देऊन टाकला. मी तिला तपासून घेतलं. सगळे रिपोर्ट चांगले, माझ्याहून चांगले. पण मी असे पेशंट पाहिले होते. काही नसताना जाणारे. ते भिंतीकडं तोंड करतात आणि आठवड्याभरात जातात, आणि कागदावर काय लिहायचं हे डॉक्टरांना कळत नाही.

नाताळानंतर दोन दिवसांनी दुपारी मी तिच्या पलंगावर बसले. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती.

"आत्या, एक सांगायचंय. रागवायचं नाही."

"रागवायला आता वेळ कुठंय."

"यादीत पाचवी ओवी नव्हती. तो अध्यायच नव्हता. मी भलतंच पान उघडलं होतं. पंधरा वर्षांचं मी नंतर शोधून काढलं, तू दवाखान्यात जावीस म्हणून."

मी खोटं बोलत होते. पाचाचा आकडा मी या डोळ्यांनी पाहिला होता, जळताना सुद्धा. माझा आवाज मात्र ड्युटीवरचा होता.

ती वळली. "मग माझ्या नावावर काय होतं?"

"मला ठाऊक नाही."

"म्हणजे काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं, आत्या."

ती माझ्याकडं इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, ओळखलं. मग तिनं पाय पलंगाखाली सोडले, चपला चाचपल्या. "पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मला पोरीनं उल्लू बनवलं!" दारापर्यंत गेली, परत वळली. "आणि माझा कुकर! त्या सुनेला सांग, शिट्टीसकट परत पाहिजे."

त्या संध्याकाळी ती दोन भाकरी जेवली.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. शेवटी न्युमोनियानं गेली, साध्या माणसासारखी, खोकत, डॉक्टरांना शिव्या देत. वचन मागितलं नाही.

त्या नऊ वर्षांची मला भीती वाटते. दिलेली होती पंधराच, ती मी पुसली. मग नऊ कुणी दिली? मार्थाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, तू आत्म्याला खोटं पाडलंस. पाळकसाहेब म्हणाले असते, तुझं खोटंही ठरलेलं होतं. दोघांपैकी कुणाचं खरं निघालं तर माझी जास्त वाईट गत होईल, हे मी ड्युटीवरून घरी येताना रिक्षात बसून पुष्कळदा ठरवून पाहिलं आहे. ठरत नाही. पुन्हा तो पलंग समोर आला तर पुन्हा तेच बोलेन, हेही खरं आहे, आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

"काकू, सापडला का डबा?" सॅम्युएलनं दारातून विचारलं.

मी डबा घेऊन हॉलमध्ये गेले आणि टेबलावर ठेवला.  सॅम्युएलनं वही उघडली. "मत घेऊन टाकू. काकू, तुमचं?"

"बंद करा."

कॅल्विनवाल्या पोरांचे चेहरे फुलले. एकजण उत्साहानं पुढं वाकला. "म्हणजे काकू, तुम्हीही मानता ना, की देव आता असा बोलत नाही?"

"तो बोलतो की नाही मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटते म्हणून बंद करा."

पलीकडच्या बाजूची एक मुलगी माझ्याकडं टक लावून बघत होती. सॅम्युएलनं पेन हातात धरून ठेवलं होतं.

"ठरावात हे कसं लिहू, काकू?"

"जसं बोलले तसं लिही," मी म्हणाले, आणि तो लिहीपर्यंत तिथंच उभी राहिले, शब्दावर शब्द नीट उतरतोय ना ते बघत.